रक्तातली चमचाभर साखर

हल्ली कोणाच्याही घरी गेलो की चहा ठेवण्याआधी घरातली बाई विचारते, "साखर चालते ना?" पूर्वी हा प्रश्न चवीचा होता, आता तो तब्येतीचा झाला आहे. जासईच्या नाक्यावर 'बिनसाखरेचा' म्हटले तरी चहावाला आता मान वर करून बघत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन यांनी केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे आपल्यापैकी क्वचितच एखादे घराणे असे असेल, जिथे गोळ्यांची डबी नाही.

आजार इतका घरचा झाला, पण त्याची ओळख मात्र परकीच राहिली. 'गोड खाल्ले म्हणून साखर झाली', 'गूळ चालतो, साखर नको', 'एकदा इन्सुलिन घेतले की सवय लागते', 'जाड माणसालाच शुगर होते' अशी वाक्ये आम्ही लग्नात, मय्यतीत, पालकसभेत ऐकतो. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण शरीर अन्नातून शक्ती कशी काढते हा धडा दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. मुले तो पाठ करतात, गुण मिळवतात, आणि घरी आजीच्या औषधाशी त्याचा काही संबंध आहे हे कोणी त्यांना सांगत नाही. तोच धडा आज घरातल्या सर्वांसाठी उघडू या. रमजानच्या दिवसांत तर तो माहीत असणे आणि नसणे यात एखाद्याच्या जिवाचा फरक पडू शकतो.

घासापासून ग्लुकोजपर्यंत

तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा तोंडात घेऊन न गिळता बराच वेळ चावत राहा. थोड्या वेळाने तो गोड लागू लागेल. भाकरीत साखर घातलेली नसते. मग गोडी आली कुठून? भाकरी, भात, चपाती, बटाटा, पाव या सगळ्यांत पिष्ट पदार्थ असतो. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची ओवलेली लांबच लांब माळ. आपल्या लाळेतले एक विकर ही माळ तोडू लागते आणि जिभेला गोडी कळते. पुढचे तोडकाम लहान आतड्यात होते. शेवटी सुटा मणी उरतो, तोच ग्लुकोज. तो आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतो.

म्हणून 'मी गोड खातच नाही' असे म्हणून दोन वेळा ताटभर भात खाणाऱ्याने समजून घ्यावे, की भातसुद्धा पोटात जाऊन साखरच होतो. गूळ आणि मध यांचेही तसेच. आतड्यापर्यंत पोहोचल्यावर त्यांची जात साखरेपेक्षा फारशी वेगळी राहत नाही. फरक पडतो तो वेगाचा. सरबत काही मिनिटांत रक्तात उतरते. डाळ, भाजी, मासळी यांच्याबरोबर खाल्लेली भाकरी सावकाश उतरते, कारण चोथा, प्रथिने आणि तेल तिची वाट अडवतात.

आता एक हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात दर १०० मिलिलीटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साखर किती? चार-पाच ग्रॅम. एक छोटा चमचा! आणि शिजलेल्या ३०० ग्रॅम भातातून ग्लुकोज मिळते सुमारे ८० ग्रॅम, म्हणजे रक्तात आधी असलेल्या साखरेच्या पंधरा-सोळा पट. इतके सगळे तासा-दोन तासांत रक्तात येऊनही निरोगी माणसाची साखर जेवणानंतर दोन तासांनी १४० च्या आत असते. हा समतोल कोण राखतो, हीच सगळी गोष्ट आहे.

पेशीची चूल

आधी हे पाहू, की या ग्लुकोजचे होते काय. आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनले आहे आणि प्रत्येक पेशीला काम करायला इंधन लागते. ग्लुकोज पेशीत शिरले, की दहा पायऱ्यांमध्ये त्याचे दोन तुकडे होतात. यालाच पुस्तकात ग्लायकोलायसिस म्हटले आहे. या पायरीला प्राणवायू लागत नाही, पण शक्तीही थोडीच मिळते. मग ते तुकडे पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये जातात. तंतुकणिका म्हणजे पेशीची चूल. तिथे आपण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूच्या मदतीने ते जळतात. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि निघालेली शक्ती एटीपी नावाच्या रेणूत साठते. आपण श्वास का घेतो, असे मुलांना विचारले तर ती म्हणतात, जगण्यासाठी. खरे उत्तर असे, की ही चूल पेटती राहावी म्हणून.

एटीपी हे शरीराचे सुटे पैसे. डोळ्याची पापणी मिटायची असो की रुकूत वाकायचे असो, खर्च याच नाण्यात होतो. धावताना दम लागला आणि पोटऱ्या जळू लागल्या, म्हणजे समजावे की प्राणवायू पुरत नाही आणि स्नायू पहिल्या, बिनप्राणवायूच्या पायरीवरच काम भागवत आहेत.

बहुतेक अवयव ग्लुकोज नसेल तर चरबीवरही चालतात. पण तांबड्या रक्तपेशींमध्ये तंतुकणिकाच नसतात, त्या निव्वळ ग्लुकोजवर जगतात. मेंदूही मुख्यतः ग्लुकोजच वापरतो. वजनाने तो शरीराचा पन्नासावा भाग, पण दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज एकटा खातो, आणि झोपेतही त्याची भूक थांबत नाही. म्हणून रक्तातली साखर शून्याकडे जाऊ देणे शरीराला परवडत नाही. साखर हे विष नाही. प्रमाणात असलेली साखर म्हणजे दिव्यातले तेल. ते आटले तर दिवा विझतो, सांडले तर घर पेटते.

कोठी आणि किल्ली

आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतातून जाते. यकृत हे शरीराचे कोठीघर आहे. जेवणानंतर जास्तीचे ग्लुकोज ते पुन्हा माळेत ओवून ठेवते. या माळेला ग्लायकोजेन म्हणतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. स्नायूंमध्ये याच्या तीन-चार पट साठा असतो, पण स्नायू तो स्वतःच वापरतात, रक्ताला परत देत नाहीत. गावासाठी कोठी उघडते ती यकृतच.

कोठी कधी भरायची आणि कधी उघडायची, हा हुकूम जठराच्या मागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडातून येतो. या अवयवात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली आहेत. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती १८६९ मध्ये पहिल्यांदा पाहिली. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि अल्फा पेशी ग्लुकागॉन.

रक्तात साखर वाढली की इन्सुलिन सुटते. ते किल्लीसारखे स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींची दारे उघडते आणि ग्लुकोज आत जाते. त्याच वेळी ते यकृताला सांगते, आता देऊ नकोस, साठव. साखर कमी होऊ लागली की ग्लुकागॉन यकृताला सांगते, कोठी उघड. रात्री आपण सात-आठ तास झोपतो, काही खात नाही, तरी सकाळी शुद्धीवर उठतो, ते यामुळेच. साठा आटत आला तर यकृत आणखी एक करामत करते. स्नायूंतून आलेले लॅक्टिक आम्ल, चरबीतले ग्लिसरॉल आणि प्रथिनांचे तुकडे यांपासून ते नवे ग्लुकोज बनवते. अल्लाहची ही रचना रात्रंदिवस चालू असते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. स्नायू हलत असतील, तर त्यांची दारे इन्सुलिनच्या किल्लीवाचूनही उघडतात. चालणाऱ्या पायाला साखर आत घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. औषधाच्या दुकानात न मिळणारे हे औषध आहे.

कुलूप गंजते तेव्हा

मधुमेह मुख्यतः दोन प्रकारचा. पहिल्या प्रकारात शरीराचे संरक्षक दलच चुकून बीटा पेशींचा नाश करते. हा बहुधा लहान वयात होतो आणि त्यावर बाहेरून इन्सुलिन देण्याशिवाय इलाज नाही. १९२१ साली कॅनडातील टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले गेले आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला. त्याआधी अशी मुले वाचत नसत. 'इन्सुलिनची सवय लागते' म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की ज्याची विहीर आटली त्याला बाहेरून पाणी आणावेच लागते. त्याला व्यसन म्हणत नाहीत.

दुसरा प्रकार आपल्या घरोघरी आहे. यात सुरुवातीला इन्सुलिन भरपूर असते, पण कुलूप गंजते. पोटावर, यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की पेशी किल्लीला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट किल्ल्या पाठवते. काही वर्षे काम भागते, माणसाला काहीच कळत नाही. पुढे बीटा पेशी थकतात. रक्तात साखर साचते, पण पेशी मात्र उपाशी. म्हणून मधुमेही माणूस जेवूनही थकलेला असतो. साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही. ती लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून वारंवार लघवी आणि सारखी तहान. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतल्या 'मधुमेह' या नावातच ही गोड लघवी आहे, आणि इब्न सीना यांच्या 'अल-कानून' या ग्रंथातही या आजाराचे वर्णन आहे. उर्दूत त्याला आपण जियाबेतीस म्हणतो.

तहान लागेपर्यंत वाट पाहू नये. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर तो इशारा, १२६ किंवा जास्त असेल आणि पुन्हा तपासूनही तशीच आली तर मधुमेह. एचबीएवनसी नावाची तपासणी आणखी उपयोगी. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तितके दिवस साखर तिला चिकटत राहते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी भात सोडून तिला फसवता येत नाही. ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह.

पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे

'आम्ही तर बारीक, आम्हाला कशी शुगर?' हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या स्त्रियांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. इंग्रज बाळाचे सरासरी वजन ३.५ किलो, आपल्या बाळाचे २.७ किलो. आपले बाळ सगळीकडूनच लहान होते. पोट आणि स्नायू तर फारच लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ तितकीच शाबूत. म्हणजे दिसायला रोड, पण आतून चरबी जपलेले बाळ.

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघांचेही उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी सारखे, २२.३. कोणीही त्यांना जाड म्हणणार नाही. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आत दुपटीहून अधिक फरक. म्हणून आपल्या लोकांनी वजनकाट्यावर विसंबू नये, कमरेला टेप लावावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर तपासणी करून घ्यावी.

या अभ्यासाचा दुसरा धडा आपल्या माता-भगिनींसाठी आहे. आईच्या पोटातले पोषण मुलाच्या पुढच्या आयुष्यातल्या साखरेवर परिणाम करते. गरोदर स्त्रीची साखरेची तपासणी टाळू नये, आणि तिच्या ताटात दूध, अंडी, मासळी, डाळ, पालेभाजी पोहोचते की नाही हे सासूने आणि नवऱ्याने पाहावे. घरात सर्वांना वाढून उरलेले खाण्याची रीत नातवंडांपर्यंत महाग पडते.

ताट शेतकऱ्याचे, दिवस खुर्चीचा

पुण्याची खेडी दूर वाटत असतील तर आमच्या जासईकडे पाहा. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे गाव. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनींच्या मोबदल्यासाठी इथे आणि आसपास जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या लढ्यातून आले. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि आता तर अटल सेतूही आला. भातखाचरे गेली, बऱ्याच मिठागरांवर भराव पडला, आणि त्यांच्या जागी कंटेनर यार्ड आणि गोदामे उभी राहिली.

या इतिहासाची एक बाजू रक्ताच्या अहवालात लिहिलेली आहे. गुडघाभर चिखलात लावणी करणारी बाई आणि डोक्यावर भारे वाहणारा गडी दिवसाला जेवढा भात खात, तेवढा त्यांचे स्नायू संध्याकाळपर्यंत जाळून टाकत. जेवणानंतर रक्तातले ग्लुकोज उचलणारे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक स्नायूच. ते गिऱ्हाईकच बसून राहिले. नातू यार्डात रात्रपाळीला बसतो, ट्रेलर चालवतो, मोटारसायकलवर नाक्यापर्यंत जातो. भात मात्र आजोबांच्या मापाचाच वाढून घेतो. ताट शेतकऱ्याचे राहिले, दिवस खुर्चीचा झाला. हे कोणा एका समाजाचे नाही. आगरी, कोळी, मुसलमान, सर्वांच्या स्वयंपाकघरात हीच गत आहे. आपल्याकडे तर त्यावर बिर्याणी, पाव आणि बेकरीचे खारी-नानकटाई यांची भर.

भात सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. कोकणातल्या माणसाला ते जमायचे नाही, आणि गरजही नाही. पण ताटाची मांडणी बदलता येते. निम्म्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात मासळी, अंडे, चिकन किंवा डाळ, आणि उरलेल्या पाव ताटात भात अथवा भाकरी. आधी भाजी-मासळी, मग भात. आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालणे. ट्रेलरच्या गर्दीमुळे हमरस्त्याच्या कडेने चालणे धोक्याचे, हे खरे. पण फजरनंतरची गल्ली, इमारतीची गच्ची, शाळेचे मैदान मोकळेच असते. मशीद जवळ असेल तर दुचाकी घरीच ठेवावी.

रोज्यातले तेरा-चौदा तास

आता सगळ्यात नाजूक विषय. आपल्या भागात रोजा साधारण तेरा-चौदा तासांचा असतो. निरोगी माणसाच्या शरीरात त्या वेळात काय घडते, ते वर सांगितलेल्या रचनेवरून सहज समजेल. सहरीचे अन्न चार-पाच तास पुरते. दुपारी यकृताची कोठी उघडते. असरच्या सुमारास साठा उतरणीला लागलेला असतो. यकृत नवे ग्लुकोज बनवत असते आणि स्नायू चरबी जाळू लागतात. इन्सुलिन खाली, ग्लुकागॉन वर. निरोगी माणसाची साखर मगरिबपर्यंत मर्यादेतच राहते. थोडे डोके जड होते, इतकेच.

मधुमेहीचे तसे नसते. काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, पोटात अन्न असो वा नसो. बाहेरून टोचलेले इन्सुलिनही रोजा आहे म्हणून थांबत नाही. मग कोठी उघडायच्या वेळी तिला कुलूप लागते आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, बोलणे असंबद्ध होते आणि पुढे शुद्ध हरपते. उलट, भीतीपोटी औषध साफ बंद केले तर साखर तीनशे-चारशेच्या वर जाते. दोन्ही टोके जीवघेणी.

आपल्या घरांत या प्रसंगी काय होते? अम्मी किंवा दादी घामाघूम होऊन गादीवर पडते, आणि म्हणते, "थोडाच वेळ राहिलाय, रोजा तोडणार नाही." घरातले गप्प बसतात, कारण तिच्या इबादतीच्या आड कोण येणार? वाचकहो, इथे गप्प बसणे हा आदर नव्हे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींमध्ये आजारी माणसाला सवलत आहे. त्याने इतर दिवसांत रोजे पूर्ण करावेत, आणि ज्याला ते शक्यच नाही त्याच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याची, फिदयाची वाट आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारण्यात मोठेपणा नाही.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि 'डायबिटीस अँड रमजान' ही संघटना यांनी २०१६ साली मार्गदर्शिका काढली आणि २०२१ साली ती सुधारली. तिचा गाभा असा. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. पहिल्या प्रकारचा मधुमेह, गरोदरपणातला इन्सुलिनवरचा मधुमेह, बिघडलेली मूत्रपिंडे, नुकतीच वारंवार घसरलेली साखर असलेल्यांनी रोजा न ठेवणे सुरक्षित. इतरांच्या औषधाच्या वेळा आणि मात्रा डॉक्टर बदलून देतात. आपण स्वतः किंवा शेजाऱ्याचे पाहून बदलू नयेत. आणि रोज्यात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, अथवा तब्येत बिघडल्यासारखी वाटली, तर रोजा लगेच सोडावा, मगरिबला दहा मिनिटे उरली असली तरी.

बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना रमजानपूर्वीच विचारून ठेवावे. म्हणजे ऐन दुपारी वाद होत नाही.

साखर घसरली तर काय करायचे, हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही माहीत असावे. तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमी असेल तर पुन्हा द्यावी, आणि बरे वाटल्यावर थोडे खायला घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इफ्तारचेही थोडे सांगायला हवे. खजुराने रोजा सोडणे ही सुन्नत आहे. पण सुक्या खजुराच्या वजनात दोन तृतीयांशाहून अधिक साखरच असते, म्हणून मधुमेहीने एकावर थांबावे. त्यावर गुलाबी सरबत, भजी, समोसे, फालुदा असे एकामागून एक आले, की दिवसभर शांत असलेल्या स्वादुपिंडावर एकदम सगळे ओझे पडते. पाणी, फळाची फोड, मग नमाज, मग साधे जेवण, हा क्रम बरा. सहरी शेवटच्या वेळेला करावी, टाळू नये. तीत चण्याची उसळ, अंडे, दही, भाकरी असावी, नुसता चहा-पाव नसावा. तरावीहची उठबस स्नायूंना कामाला लावते, तीही उपयोगीच. तरावीहआधी मधुमेहीने पाणी प्यावे.

वजूच्या वेळी पायाकडे पाहा

साचलेली साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करते. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना पहिला फटका. पायाच्या संवेदना गेल्या की काटा रुतलेला कळत नाही, उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चाललेले कळत नाही. जखम चिघळते आणि बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. डॉक्टर सांगतात, रोज पाय तपासा. आपल्याला तर पाच वेळा पाय धुवायचे असतात. वजू करताना बोटांच्या बेचक्यांत, तळव्यावर, टाचेवर नजर टाकावी. ज्यांना वाकता येत नाही त्यांचे पाय सुनेने किंवा नातवाने पाहावेत. धुतल्यावर बेचक्या कोरड्या कराव्यात. नळाचे पाणी गरम असेल तर आधी कोपराने पाहावे. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनाची तपासणी करावी.

कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बिया घेऊ नका असे नाही. पण त्यांच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करू नका. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील माणसाची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. घरात आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर भावंडांनी आपापली तपासणी करून घ्यावी.

शेवटी एक काम मुलांकडे सोपवू या. दहावीच्या मुलाने किंवा मुलीने हा धडा घरात मोठ्यांना वाचून दाखवावा आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून फ्रिजवर लावाव्यात : घरातल्या मधुमेही माणसाच्या औषधांची नावे आणि वेळा, डॉक्टरांचा फोन, ७० आणि ३०० हे दोन आकडे, आणि तीन चमचे साखर. येत्या रमजानमध्ये अम्मी "थोडाच वेळ राहिलाय" म्हणाली, तर तो कागद घरातल्या सर्वात लहानालाही बोलण्याचा हक्क देईल.